पायडल आहे म्हणून ती सायकल नव्हे

मुलुंडला एलबीएस रोडवरच्या एका दुकानात गेल्या महिन्यात मी तासभर बसून होतो. काम माझं नव्हतं. आमच्या इमारतीतल्या एका शेजाऱ्यांना अकरावीतल्या मुलीसाठी ई-सायकल घ्यायची होती. क्लास भांडुपला, रिक्षाला रोज जाऊन-येऊन पैसे मोजून ते कंटाळले होते. "तुम्ही असल्या गोष्टींवर लिहिता, चला बरोबर," म्हणाले, म्हणून गेलो. दुकानदाराने पाढा म्हटल्यासारखं सांगितलं, "लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको." शेजारी खूश. मग गाडी पंचवीसच्या वर जात नाही असं कळल्यावर त्यांचा चेहरा किंचित पडला. तो पडलेला बघून दुकानदार काउंटरवरून जरा पुढे वाकला. "आत एक वायर असते साहेब. ती काढली की चाळीस-पंचेचाळीस आरामात. कधीही आणा, फुकट करून देतो."

ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाने, एकाच गाडीबद्दल, दोन मिनिटांच्या अंतराने उच्चारली. पहिलं खरं असेल तर दुसरं करता येत नाही, आणि दुसरं केलं की पहिलं त्याच क्षणी खोटं होतं. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आज ज्या असंख्य बिननंबरच्या गाड्या पळताना दिसतात, त्यांचा सगळा घोळ या वायरीत अडकलेला आहे.

आधी कायदा नीट समजून घेऊ, कारण त्याच्याविषयी दुकानात अर्धंच सांगतात. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम २(२८) मध्ये 'मोटार वाहन' कशाला म्हणायचं ते दिलंय, आणि चारपेक्षा कमी चाकांचं व २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन त्यातून वगळलंय. विजेच्या मोटारीला सीसी नसतात. म्हणून तिच्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २(यू) मध्ये वेगळी सवलत आहे. मोटारीची 'तीस मिनिटांची शक्ती' पाव किलोवॉटच्या, म्हणजे २५० वॉटच्या आत हवी. जास्तीत जास्त वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा. बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. पायडल असलेली ई-सायकल असेल तर वेग वाढेल तशी मोटारीची मदत कमी होत जाऊन पंचविसाला ती पूर्ण बंद झाली पाहिजे, आणि स्वाराने पायडल मारणं थांबवलं तर त्याआधीच. शिवाय चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर.

इथपर्यंत बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. पुढची अट मात्र कुणी सांगत नाही, आणि सगळी मेख तिच्यातच आहे: हे सगळं नियम १२६ खालच्या अधिकृत चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेलं असलं पाहिजे. अशा संस्थांपैकी आपल्याला जवळची म्हणजे पुण्याची एआरएआय. हरियाणात मानेसरला आयकॅट आहे. म्हणजे गाडी हळू चालते एवढ्याने ती सवलतीत येत नाही. त्या मॉडेलची चाचणी होऊन तसा कागद झालेला असावा लागतो. सवलत मिळते ती चाचणीला जशी गाडी ठेवली होती तशा गाडीला. वायर काढली, मोटार बदलली, जास्त व्होल्टची बॅटरी जोडली, की तो कागद तुमच्या गाडीचा राहत नाही. ती मोटार वाहन ठरते. तेही पासिंग नसलेलं, विमा नसलेलं, आणि बहुतेक वेळा लायसन नसलेल्या माणसाच्या हातातलं.

पायडल दिसतं म्हणून पोलीस सोडतील, हाही समज आहे. आमच्या पिढीने लुना बघितली आहे. कायनेटिकने १९७२ साली आणलेली ती मोपेड चढावर दमली की लोक पायडल मारायचे. पायडल होतंच, पण नंबर प्लेटही होती आणि चालवणाऱ्याच्या खिशात लायसनही. पायडलचा आणि कायद्याचा संबंध तेव्हाही नव्हता.

'तीस मिनिटांची शक्ती' या शब्दांवर थोडं थांबतो, कारण जाहिराती इथे हातचलाखी करतात. सलग अर्धा तास मोटार जेवढी शक्ती देऊ शकते ती ही शक्ती. क्षणभरासाठी, चढावर, तीच मोटार याहून बरीच जास्त शक्ती खेचते. तिला 'पीक' म्हणतात. त्यामुळे २५० वॉटच्या प्रामाणिक गाडीच्या पत्रकावरही पीकचा मोठा आकडा दिसू शकतो, आणि उलट ५०० वॉटच्या मोटारीवर २५० चा स्टिकर चिकटवलेलाही दिसतो. स्टिकरवर विसंबू नका. दुकानदाराकडे त्या मॉडेलच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. कागदावरचं मॉडेलचं नाव आणि गाडीवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का बघा. "कंपनीकडे आहे, नंतर पाठवतो" हे उत्तर नाही.

गाडी आधीच घरात असेल तर एक सोपी परीक्षा आहे. रविवारी सकाळी सहाला, सोसायटीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर, सपाटीवर, फोनमधलं जीपीएस स्पीडोमीटरचं अॅप चालू करून फोन खिशात ठेवा आणि पूर्ण रेस देऊन शंभर-दोनशे मीटर जा. गाडीच्या डिस्प्लेवर जाऊ नका; तो चाकाच्या मापाप्रमाणे हवा तसा लावता येतो. अॅपने मोटारीच्या जोरावर तीसचा आकडा दाखवला तर तुमची गाडी सवलतीत नाही, मग विकणाऱ्याने काहीही सांगितलेलं असो. जुनी, दुसऱ्याच्या हातची गाडी घेताना ही परीक्षा पैसे देण्याआधी करा. वायर आधीच्या मालकाने काढलेली असते, दंड नव्या मालकाला होतो.

पायडल नसलेल्या छोट्या ई-स्कूटर आहेत, डिलिव्हरीची मुलं ज्या भाड्याने घेतात. युलूच्या गाड्याही याच जातीच्या. त्यांनाही वेग, शक्ती आणि वजनाच्या याच मर्यादा आणि तेच प्रमाणपत्र. याउलट, पंचवीसच्या वर जाणारी रीतसर विजेची दुचाकी ओळखायची खूण अगदी ठळक आहे: हिरवी पाटी. खाजगी गाडीला हिरव्यावर पांढरी अक्षरं, व्यवसायाच्या गाडीला हिरव्यावर पिवळी. पाटी नाही आणि गाडी चाळीसने चालली आहे, असं दिसलं की समजायचं.

आता कीटकडे वळतो. घरी पडून असलेल्या जुन्या सायकलला मोटार बसवून घेण्याची हौस उपनगरात बरीच आहे, आणि त्यामागची काटकसर मला कळते. दोन प्रकार दिसतात. एक, पेट्रोलचं टू-स्ट्रोक इंजिन: फ्रेमच्या त्रिकोणात बसतं, वर छोटी टाकी, एका बाजूला जादा चेन. ही इंजिनं सहसा ४८ किंवा ८० सीसीची म्हणून विकली जातात. २५ सीसीची मर्यादा त्यांनी केव्हाच ओलांडलेली असते, त्यामुळे ती सरळसरळ मोटार वाहनं. आणि तुम्ही कितीही इमानदारीने आरटीओत गेलात तरी घरी जोडलेल्या या वाहनाचं पासिंग होत नाही, कारण त्या रूपात त्याला मान्यताच मिळालेली नाही. प्रदर्शनात ठेवायला, गावी शेतातल्या बांधावर चालवायला ठीक. एस. व्ही. रोडवर नको.

दुसरा, हब मोटारचं कीट. यात चाकाच्या मधोमध मोटार, एक कंट्रोलर, हँडलला थ्रॉटल आणि कॅरिअरला किंवा फ्रेमला बॅटरी. २५० वॉटपासून १००० वॉटपर्यंत सगळं बाजारात मिळतं. कायद्याच्या दृष्टीने, २५० वॉटचं कीट जरी बसवलं तरी तुमच्या सायकलची चाचणी कुणी केलेली नसते, हे वर आलंच. पण मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या काट्याची. सायकलचा काटा माणसाच्या पायांच्या ताकदीसाठी बनवलेला असतो. पुढच्या चाकात मोटार बसवली की तिचा आस रेस देताना उलट्या दिशेने पीळ मारतो, आणि काट्याच्या ज्या दोन उघड्या खाचांत तो आस नटांनी आवळलेला असतो, त्या खाचा पसरतात. अॅल्युमिनियमचा काटा असेल तर वाकण्याआधी सूचनाही देत नाही, तडकतोच. आस सुटला की चाक निखळतं आणि स्वार हँडलवरून पुढे. म्हणून टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी बसवतात. ती आसाला धरून काट्याला बांधलेली असते. कीट बसवून देणाऱ्या किती जणांना ती माहीत असते, हे एकदा विचारून बघा.

ब्रेकचंही तेच. साध्या सायकलचे रबरी ब्रेक ताशी पंधराच्या वेगाला आणि साठ-सत्तर किलोच्या माणसाला पुरतात. त्यात मोटार आणि बॅटरीची भर घाला, पावसात रिम ओली करा आणि ते ब्रेक नुसते घासत राहतात. चांगल्या ई-सायकलला ब्रेकच्या लिव्हरमध्येच कट-ऑफ असतो: लिव्हर ओढली की मोटार बंद. स्वस्तात बसवलेल्या कीटमध्ये हा कट-ऑफ जोडण्याचा कंटाळा केलेला असतो आणि मग स्वार ब्रेक दाबतोय, मोटार पुढे ओढतेय अशी झटापट चालते. कीट आधीच बसवलेलं असेल तर आज संध्याकाळी एवढं करा: सायकल स्टँडवर लावा, चाक हवेत फिरू द्या, एक एक लिव्हर ओढा. मोटारीचा ओढा लगेच थांबला नाही तर ती रस्त्यावर काढू नका.

वेगाचं गणितही सांगतो, कारण "पंचवीस काय आणि पंचेचाळीस काय" असं म्हणणारे खूप भेटतात. पंचवीसच्या वेगाने माणूस सेकंदाला सात मीटर जातो, पंचेचाळीसने साडेबारा. समोर पोर आलेलं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर जातोच. त्यानंतर कोरडा रस्ता आणि बऱ्यापैकी ब्रेक धरले तर पहिली गाडी एकूण बारा मीटरच्या आसपास थांबते, दुसरीला अठ्ठावीस मीटर लागतात. बेस्टची मोठी बस बारा मीटर लांब असते. म्हणजे एका बसच्या लांबीत थांबणं आणि सव्वादोन बसच्या लांबीत थांबणं. धडकेचा जोर तर वेगाच्या वर्गाने वाढतो. इथे तो सव्वातीन पट होतो. चाकं, काटा, ब्रेक मात्र तेच, पंचविसासाठी केलेले.

पकडलं तर काय होतं? २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातल्या रकमा वाढल्या. लायसनशिवाय चालवणं, कलम १८१, पाच हजार. पासिंग नसलेली गाडी चालवणं, कलम १९२, पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत. विमा नसणं, कलम १९६, दोन हजार किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हेल्मेट, कलम १९४ डी, एक हजार. गाडीत परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२ ए(४) प्रमाणे बदलामागे पाच हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. वरच्या टोकाने मोजलं तर बेरीज अठरा हजारांवर जाते. शिवाय कलम २०७ खाली गाडी जप्त होऊ शकते. परिवहन विभागाने २०२२ मध्ये राज्यभरातल्या आरटीओंना अशा बदललेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीम घ्यायला सांगितलं होतं. २०२४ मध्ये मुंबई वाहतूक पोलिसांनीही ई-बाइकवाल्यांवर खास कारवाई केली.

पण दंड हा या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. समजा संध्याकाळी सातला घाटकोपर स्टेशनबाहेर तुमच्या 'वायर काढलेल्या' गाडीची एका आजींना धडक बसली आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आता ती गाडी काय होती हे ठरवलं जाईल, आणि ते दुकानदार ठरवणार नाही. मोटार वाहन ठरली तर प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतं. एरवी तिथे भरपाई विमा कंपनी भरते. इथे कंपनीच नाही. ऑपरेशन, पुढची देखभाल, बुडालेलं उत्पन्न, जे काही ठरेल ते चालवणाऱ्याच्या आणि मालकाच्या खिशातून. फौजदारी बाजू वेगळी: भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे वाहन चालवण्याचं आहे, कलम १२५ त्यातून झालेल्या दुखापतीचं आणि कलम १०६ मृत्यूचं. तुमची स्वतःची अपघात विम्याची पॉलिसी असेल तर तीही काढून वाचा. लायसन लागणारं वाहन लायसनशिवाय चालवताना झालेला अपघात बऱ्याच पॉलिसींत वगळलेला असतो.

हे वाचून कुणाला वाटेल, मग पंचेचाळीसने जायचंच असेल तर काय करायचं? रीतसर पासिंगवाली ई-स्कूटर घ्यायची. विजेच्या गाड्यांचं नोंदणी शुल्क केंद्राने २०२१ मध्ये माफ केलेलं आहे. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे तीन किलोवॉटपर्यंतच्या विजेच्या दुचाकीचा थर्ड पार्टीचा हप्ता वर्षाला ४५७ रुपये होता. एवढ्या पैशांत वरच्या प्रसंगातल्या आजींची भरपाई विमा कंपनीवर जाते. अंधेरीकरांना पासिंगसाठी एमएच-०२, बोरिवलीकरांना एमएच-४७. घाटकोपर आणि मुलुंडवाल्यांना वडाळ्याचं एमएच-०३. हल्ली शोरूमच सगळं करून देतं, तुम्हाला खेपही घालावी लागत नाही.

मुलांचा प्रश्न जरा वेगळा आणि जास्त नाजूक. सवलतीतल्या गाडीला लायसन नाही, म्हणून वयाची अटही नाही. त्यामुळे आठवी-नववीतली मुलं बिनदिक्कत ई-सायकलवर क्लासला जातात, मागे एक मित्र, कधी दोन. तोपर्यंत निदान कायद्याने ठीक. पण त्या मुलाने मित्राच्या मदतीने यूट्यूब बघून वायर काढली, की चौदा वर्षांचा मुलगा मोटार वाहन चालवतोय असा अर्थ होतो, आणि कलम १९९ ए लागू होतं. त्यात पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. मुलाने आपल्याला न सांगता केलं, आपल्याला माहीतच नव्हतं, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पालकावरच. तेव्हा मुलाला गाडी देणार असाल तर महिन्यातून एकदा ती जीपीएसची परीक्षा स्वतः घ्या. मुलं रागावतात. रागावू द्या.

सवलत म्हणजे मोकळीक नव्हे, हेही सांगून टाकतो. न्याय संहितेतलं २८१ कलम 'कोणतंही वाहन' म्हणतं. त्यात तुमची पंचविसाच्या आतली सायकलही आली. रस्ता अडवल्याबद्दल कलम २८५ आहे, पाच हजारांपर्यंत दंडाचं. सिग्नल तोडणं, फुटपाथवरून जाणं आणि सगळ्यात मोठा रोग म्हणजे राँग साइड. जेव्हीएलआरवर किंवा अंधेरी-कुर्ला रोडवर पुढचा यू-टर्न लांब आहे म्हणून उलट्या बाजूने कडेकडेने येणारी ई-बाइक दिवसातून दहा वेळा दिसते. तिचा आवाज नसतो, हीच तिची खोड. रिक्षातून उतरणारा माणूस गाड्या येतात ती बाजू बघून पाय खाली टाकतो. उलट्या बाजूने बिनआवाजाचं काही येईल हे त्याच्या ध्यानीमनी नसतं. डिलिव्हरीच्या मुलांना मी दोष देताना अडखळतो, कारण त्यांच्या फोनवर मिनिटं मोजली जातात. पण गाडी त्यांच्या नावावर भाड्याने असते आणि गुन्हाही त्यांच्याच नावावर दाखल होतो.

आता रस्ते. उपनगरात सायकलसाठी वेगळी जागा जवळपास नाहीच. पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. तानसा जलवाहिनीच्या कडेने मुलुंडपासून आखलेला मार्ग तुकड्यातुकड्यांत आहे. म्हणजे बस, डंपर आणि रिक्षांच्या मधूनच जायचं. दोन्ही द्रुतगती महामार्गांवर मूळ मार्गिकेत शिरू नका, सर्व्हिस रोड धरा. तिथले इतर लोक सत्तरने येतात आणि तुम्ही पंचवीसवर आहात. उड्डाणपुलांवर तर मुळीच नको, खालून जा. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरचा पूल २०२१ मध्ये ऐन पावसाळ्यात सुरू झाला तेव्हा दुचाकी घसरू लागल्यामुळे काही काळ बंद ठेवावा लागला होता, आणि त्या गाड्यांचे टायर सायकलपेक्षा दुप्पट रुंद होते. सागरी सेतू, पूर्व मुक्त मार्ग, किनारी रस्ता इथे दुचाकींनाच बंदी आहे, तिथे सायकलीचा प्रश्नच नको.

एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण सायकलवाल्यालाच ती दिसते. काँक्रीटच्या रस्त्यांवर दोन पट्ट्यांच्या मधली, किंवा काँक्रीट संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथली, रस्त्याच्या लांबीबरोबर जाणारी फट. मोटरसायकलच्या टायरला ती कळतही नाही. सायकलचं दीड-दोन इंची चाक तिच्यात नेमकं बसतं, मग हँडल वळत नाही आणि माणूस आडवा होतो. अशी फट ओलांडायची असेल तर कडेकडेने सरकू नका. मागे बघा, जरा तिरपे व्हा आणि चाक तिच्यावरून शक्य तितकं आडवं न्या. पावसात पाण्याखालची फट दिसत नाही, तेव्हा पट्टीच्या मधोमध चाला, मागचा हॉर्न वाजवत राहिला तरी.

पावसावरून आठवलं. अंधेरी सबवेत पाणी भरणं हा दरवर्षीचा कार्यक्रम आहे. हब मोटारवर थोडे शिंतोडे चालतात. आस बुडेल इतक्या पाण्यातून गेलात तर पाणी मोटारीत आणि कंट्रोलरमध्ये शिरतं, आणि पाण्याखालचं उघडं गटार दिसत नाही ते वेगळंच. गोखले पुलाकडून वळसा घ्या, पंधरा मिनिटं जातील. भिजलेली बॅटरी घरी आणून लगेच चार्जिंगला लावू नका.

बॅटरीबद्दल मी जास्तच धास्तावलेला आहे, कबूल करतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईत एका घरी ई-स्कूटरची बॅटरी हॉलमध्ये चार्जिंगला लावलेली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. तिथेच झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी दवाखान्यात त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी देशभर लागलेल्या आगींनंतर बॅटऱ्यांचं एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आलं आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. तुमच्या ई-सायकलची बॅटरी या मानकात बसते का, हे विचारून घ्या. कीटवाले हातांनी सेल जोडून, निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून देतात त्या बॅटरीला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ती घेऊ नका.

उपनगरातलं घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि एकच दार. बॅटरी नेमकी त्या दाराजवळ लावलेली असते, कारण बोर्ड तिथे आहे. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. रात्रभर लावून झोपू नका. जागे असताना लावा आणि भरली की काढा. गाडी चालवून आल्यावर बॅटरी गार व्हायला अर्धा तास द्या. गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरा, पिन बसते म्हणून दुसऱ्याचा नको. गादी, सोफा, वर्तमानपत्रांचा गठ्ठा यांपासून दूर, फरशीवर ठेवा. जिन्यात आणि मीटरच्या खोलीत चार्जिंग सोसायटीने सरळ बंद करावं आणि त्याऐवजी खाली पार्किंगमध्ये वेगळ्या एमसीबीचा पॉइंट द्यावा. बॅटरी फुगली, तापली किंवा गोडसर उग्र वास आला तर ती उचलून बाहेर फेकण्याचं धाडस करू नका. माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ ला फोन करा.

हेल्मेटबद्दल एवढंच की सवलतीतल्या गाडीला कायदा ते सांगत नाही, डोकं सांगतं. स्कूटरसारखी गाडी असेल तर आयएसआयचं, ४१५१ क्रमांक लिहिलेलं. पायडलची असेल तर निदान सायकलचं. पुढे-मागे दिवा लावा, नुसता रिफ्लेक्टर आरे कॉलनीच्या अंधाऱ्या रस्त्यावर पुरत नाही.

अपघात झालाच तर पळू नका. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची २०२५ ची कॅशलेस उपचार योजना आहे; मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा खर्च तिच्यातून होतो. ११२ ला फोन करा. मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये अशी तरतूद कलम १३४ ए मध्ये आहे, म्हणून आजूबाजूच्यांनाही घाबरायचं कारण नाही.

त्या दिवशी दुकानातून उठताना मी दुकानदाराला म्हटलं, बिलावर एवढंच लिहून द्या: मॉडेलचं नाव, मोटार २५० वॉटच्या आत, वेग २५ च्या आत आणि प्रमाणपत्राचा क्रमांक. तो हसला आणि म्हणाला, असं कुणी लिहून मागत नाही. शेजाऱ्यांनी ॲडव्हान्सचे पैसे खिशात परत ठेवले. दोन आठवड्यांनी त्यांनी दुसऱ्या दुकानातून गाडी घेतली; तिथे बिलावर चारही गोष्टी लिहून मिळाल्या, आणि मुलगी रोज पंचविसाच्या आत क्लासला जाते. तुम्हीही लिहून मागा. फसवणूक झाली असं वाटलं तर ते बिल हातात घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करता येतो. आणि वायर आधीच काढलेली असेल तर मेकॅनिककडे जाऊन आजच परत जोडून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.